वेगासची शिरगणती

"लाभ!" मी बसच्या दारात उभी राहून ओरडले.

"एक!" पहिल्या सीटवरून कर्व्यांचा आवाज आला.

"दोन!" "तीन!" "चार!" करत आकडा मागे मागे सरकत गेला आणि शेवटच्या रांगेतून कुणीतरी "चौतीऽऽस!" म्हणून हाळी दिली. सगळे हसले. मी ड्रायव्हरला खूण केली आणि आमची बस लॉस एंजेलिसहून लास वेगासकडे निघाली. सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी पस्तीशीची होते, सांगलीची वैजयंती आरवाडे, एका टूर कंपनीत टूर मॅनेजर. अमेरिकेची माझी ती अकरावी सहल. आधीच्या दहा सहलींत माझं एकही माणूस कुठे मागे राहिलं नव्हतं आणि हे मी ज्याला त्याला ऐकवायची. मुलखाची गर्विष्ठ होते हो मी तेव्हा.

ते "लाभ" मी हलकुडे अप्पांकडून उचललं होतं. बसवंतअप्पा हलकुडे, लातूरचे धान्याचे आडते. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी बॅगा मोजायला मी त्यांना सांगितलं, तर ते मोठ्यांदा मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन, चार..." त्यांच्या आडतीत धान्य मापताना असंच मोजतात म्हणे. पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्याची इतकी गंमत वाटली की दुसऱ्या दिवसापासून मी माणसं मोजायला सुरुवात करताना दारातून "लाभ!" ओरडायला लागले. मग पहिल्या सीटवाला "एक" म्हणायचा आणि पुढचे पुढचे आपापला आकडा सांगायचे. शेवटी "चौतीस" आलं की निघायचं. बसमध्ये खेळीमेळी राहायची, माझं कामही व्हायचं.

वेगासला दोन मुक्काम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धरण बघायला न्यायचं होतं. हॉटेलच्या दारात एकेकाच्या नावावर खूण करत मी सगळ्यांना बसमध्ये चढवलं आणि माईक हातात घेतला. या रस्त्यावर मी प्रश्नमंजूषा घ्यायची. बक्षीस म्हणजे लोणावळ्याची चिक्की.

"सांगा बरं, लास वेगास या शब्दाचा अर्थ काय?"

कुणी जुगार म्हणालं, कुणी पाप म्हणालं. सगळीकडे हशा.

"कुरणं," मी म्हणाले. "स्पॅनिशमध्ये कुरणं. इथे झरे होते, गवत होतं. आता झरे आटले. पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी नदीवरच्या धरणातून येतं."

"आणि लोकवस्ती?" मागून प्रश्न आला. गलांडे गुरुजींचा.

हे गुरुजी इंदापूर तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय एकाहत्तर. पत्नी चार वर्षांपूर्वी गेलेली. बारामतीच्या लेकीने हट्टाने सहलीला पाठवलं होतं. बसमध्ये सोळा सीटा रिकाम्या होत्या, त्यामुळे एकटी आलेली माणसं मागे ऐसपैस पसरून बसायची. गुरुजीही मागेच असायचे, मांडीवर वही उघडून. मी सांगितलेलं सगळं ते वहीत उतरवायचे आणि चुकलं की टोकायचे. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

"सन एकोणीसशेमध्ये इथे जेमतेम पंचवीस माणसं होती, गुरुजी. पन्नास साली पंचवीस हजार झाली. आणि आता आजूबाजूची वस्ती धरून अठरा लाख! दर महिन्याला पाच-सहा हजार माणसं नव्याने राहायला येतात."

"शंभर वर्षांत पंचविसाचे अठरा लाख?" गुरुजी लिहिता लिहिता थांबले. "आणि पाणी तेच?"

"पाणी तेच."

"अवघड आहे," ते म्हणाले आणि वहीत आकड्याखाली रेघ ओढली.

"आणखी एक गंमत. आपण काल ज्या झगमगत्या रस्त्यावर फिरलो, ती मोठाली हॉटेलं लास वेगास शहरात नाहीतच! ती हद्दीबाहेर आहेत. त्या वस्तीचं नाव आहे पॅराडाइज. म्हणजे मंडळी, तुम्ही सगळे काल स्वर्गात होता."

"मग त्यांची शिरगणती कुणाकडे लावतात?" गुरुजींनी विचारलं. "मी एकाहत्तर, एक्याऐंशी, एक्याण्णव, तिन्ही शिरगणत्या केल्यात ताई. हद्दीवरची वाडी असली की हमखास घोळ. एक तर दोनदा मोजतात, नाहीतर मोजतच नाहीत."

मी चिक्कीचं पाकीट त्यांच्याकडे भिरकावलं आणि विषय बदलला.

धरण बघून झालं आणि मी बस आडवाटेला घेतली. धरणाच्या पाण्याखाली सत्तर वर्षांपूर्वी बुडालेलं एक गाव, पाणी खाली गेल्याने वर आलं होतं. गावाचं नाव घेत नाही, त्यांना कशाला बट्टा. उंचावर गाड्या लावायची जागा, कडेला पत्र्याचं स्वच्छतागृह आणि खाली लांबवर पांढरी पडलेली जमीन. त्यात घरांची जोती, पायऱ्या, विहिरीचा कठडा. झाड नाही, सावली नाही. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि ड्रायव्हरच्या काट्यावर बाहेर त्रेचाळीस अंश दाखवत होतं. पाऊल बाहेर टाकलं की डोळे मिटायचे. फोनला रेंज नव्हती.

"वीस मिनिटं!" मी बजावलं. "फोटो काढायचे, डोकं झाकायचं, खाली कुणीही उतरायचं नाही."

गुरुजी वरच्या कडेशी उभे राहून खाली बघत होते. मी त्यांची पांढरी टोपी द्यायला जवळ गेले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं हो?"

"काही नाही. आमचं गाव उजनीत गेलं, ताई. मी तेव्हा तिथल्याच शाळेत मास्तर होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याकडंही असंच दिसतं. हे घर कुणाचं, ते कुणाचं, मी अजून सांगतो." त्यांनी बोटाने हवेतच घरं दाखवली. "इथं किती लोक होते?"

"पाचशेच्या आसपास."

"आता?"

"आता कोण राहणार, गुरुजी? कुणी नाही."

"आमच्याकडं कागदोपत्री अशा गावाला बेचिराख लिहितात. बेचिराख म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते." मग मुलासारखं विचारलं, "पाच मिनिटं खाली जाऊन येऊ? नुसती घरं मोजतो."

"गुरुजी, प्लीज. तुम्हाला सोडलं की सगळे मागे लागतील."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. एवढ्यात मागे गलका झाला. अप्पांच्या बायकोला, महानंदा काकूंना, उन्हाने भोवळ आली होती. अप्पा त्यांना धरून उभे होते आणि "पाणी आणा, पाणी आणा" म्हणून ओरडत होते. मी धावले. तोंडावर पाणी मारलं, ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली. बसमध्ये एसी पुढेच सगळ्यांत गार लागायचा, म्हणून कर्व्यांना मागे पाठवलं आणि काकूंना पहिल्या सीटवर खिडकीशी टेकवलं. शेजारी अप्पा. बाकीची मंडळीही उन्हाला कंटाळून भराभर चढली.

"चला हो ताई, एसीत बसू द्या तिला," अप्पा म्हणाले.

"हो हो, निघालोच. लाभ!"

आकडे सुरू झाले. अप्पांचा खणखणीत आवाज, मग काकूंचा क्षीण, मग पुढचे. मी एका हाताने काकूंना ग्लुकोज पाजत होते, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला थांब म्हणत होते. कान फक्त शेवटच्या आकड्याकडे होता.

"चौतीस!"

"चलो," मी म्हणाले आणि दार बंद झालं.

जेवणाचे पराठे पाकिटं करून बसमध्येच वाटले, म्हणजे वाटेत थांबायला नको. चौतीस पाकिटांचं खोकं मागेपर्यंत गेलं आणि परत आलं, तर तळाशी एक पाकीट उरलेलं. सोमवार होता. कुणाचा तरी उपास असेल, असं मनात आलं आणि मी ते बाजूला ठेवलं. एवढंच मनात आलं. बाईमाणूस असून उपासाची साधी चौकशी केली नाही मी, की कुणाला काही फळं वगैरे देऊ का. ती केली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं.

एक वाजता हॉटेल. दुपार मोकळी ठेवली होती. काही खोलीत जाऊन झोपले, काही खालच्या कॅसिनोत हिंडले. चार वाजता चहाला सगळे लॉबीत जमले, तेव्हा मी सवयीने नजर फिरवली. गुरुजी नव्हते.

"झोपले असतील," कुणी म्हणालं.

मी वर गेले. दार वाजवलं, फोन लावला. शेवटी हॉटेलच्या माणसाकडून दार उघडवलं. खोली झाडून-पुसून, चादर कडक ओढून ठेवलेली. कुणी आत आल्याची खूणसुद्धा नाही. 

"बसमध्ये कुणी पाहिलं त्यांना?" मी खाली येऊन विचारलं.

"मागे झोपले होते ना?"

"मला वाटलं, कर्व्यांच्या पलीकडे बसलेत."

"मला वाटलं, पुढे काकूंना बघायला गेलेत."

"थांबा, घाबरू नका," मी म्हणाले, "बसमध्ये चौतीस झाले होते. म्हणजे ते बसने इथपर्यंत आलेत. इथेच कुठेतरी आहेत."

आणि मग सुरू झालं शोधणं. चार-चार जणांच्या टोळ्या केल्या. त्या कॅसिनोत एकदा शिरलं की संपलं. घड्याळ नाही, खिडकी नाही, बाहेर दिवस आहे की काय कळायची सोय नाही. हजारो माणसं यंत्रांसमोर बसलेली, मान वर न करता. पांढरी टोपी दिसली की मी धावायचे, दुसराच कुणी असायचा. "गलांडे गुरुजीऽ" म्हणून कर्वे हाका मारत होते आणि लोक माना वळवून बघत होते. अठरा लाखांच्या गावात मी एक धोतर नेसणारा माणूस शोधत होते. त्या दिवशी तर त्यांनी पँट घातली होती.

पाऊण तास गेल्यावर मी हॉटेलच्या सुरक्षा कचेरीत गेले. अर्नेस्टो नावाचा जाडजूड, शांत माणूस होता. मी सगळं सांगितलं.

"तुमची बस किती वाजता आली?"

"एक वाजता."

त्याने भिंतभर पडद्यांवर आमची बस शोधून काढली. दार उघडलं. आम्ही एकेक उतरताना दिसायला लागलो, वरून, नुसती डोकी. तो बोटाने मोजत गेला. मग मागे नेऊन पुन्हा मोजलं. मग पुन्हा.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही आणि ड्रायव्हर सोडून तेहेतीस माणसं उतरली."

"चौतीस."

"तेहेतीस."

"तुमचं यंत्र चुकतंय!" मी चढ्या आवाजात म्हणाले. "ही माझी अकरावी सहल आहे. माझी मोजणी चुकत नाही. तो माणूस उतरलाय, आणि तुमच्या या भूलभुलय्यात हरवलाय. तुम्ही शोधा त्याला!"

तो चिडला नाही, तेच वाईट होतं. "निघण्यापूर्वी तुम्ही कुठे थांबला होता?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बाहेर आता सेहेचाळीस अंश आहे," तो म्हणाला.

तरी मी हट्ट सोडला नाही. कशी सोडणार? चौतीस मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. माझ्या मागोमाग आलेले अप्पा दारात उभे होते, त्यांना मी हाताला धरून आत ओढलं.

"अप्पा, तुम्ही सांगा यांना. पहिली सीट तुमची होती. तुमच्यापासून मोजणी सुरू झाली आणि चौतिसावर संपली. बरोबर?"

"व्हय की," अप्पा म्हणाले. "तुम्ही लाभ म्हणलात, मी दोन म्हणलो, आमच्या हिनं तीन म्हणलं, तिथून पुढं..."

"दोन?"

"मग?"

"अप्पा, तुम्ही एक म्हणायचं होतं. लाभ म्हटल्यावर पहिल्या सीटने एक म्हणायचं. रोज तसंच चाललंय."

"मी रोज मागं बसतो, ताई, पुढलं मला कुठलं ऐकू येतंय," अप्पा गोंधळून म्हणाले. "आन् लाभ म्हंजे एकच की! पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतेत. त्याच्यापुढं दोनच येणार. पन्नास वर्षं मापतोय मी."

 अप्पांना अजून उमगलं नव्हतं. मला उमगलं होतं. लाभ हा शब्द मला आवडला, म्हणून मी घेतला. त्याचा अर्थ काय, ते विचारायची तसदी घेतली नाही. मी लाभाला शून्य धरत होते. अप्पांनी एक धरला. तेहेतीस माणसं बसली होती आणि चौतीस आकडा झाला होता.

"ते तिथेच आहेत," मी अर्नेस्टोला म्हणाले.  "मी त्यांना तिथे सोडून आले."

त्याने फोन उचलला. सव्वापाच झाले होते. आम्ही तिथून पावणेअकराला निघालो होतो.

जलाशयाच्या पहाऱ्यावरचे लोक आधी निघाले आणि मला पोलिसांनी त्यांच्या गाडीतून नेलं. अप्पा माझ्याबरोबर यायला निघाले होते, पण पोलिसांनी एकाच माणसाला घेतलं. वाटेत नवी घरं लागत होती, एकसारखी, लाल कौलांची, डोंगरापर्यंत पोचलेली. मी देवाचं नाव घेत होते. गुरुजींकडे पाण्याची एकच बाटली आहे, हे मला माहीत होतं. सकाळी ती मीच दिली होती. ते सावलीला बसले असतील, ते शहाणे आहेत, तीन शिरगणत्या केलेला माणूस, उन्हातान्हात हिंडलेला, असं मी मोठ्यांदा म्हणत होते. गाडी चालवणाऱ्या पोलिसाला मराठी कळत नव्हतं, पण तो मध्ये मध्ये मान हलवत होता.

आम्ही पोचलो तेव्हा सात वाजत आले होते आणि अजून लख्ख ऊन होतं. रुग्णवाहिका आधीच उभी होती, पण तिचा दिवा फिरत नव्हता. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गुरुजी स्वच्छतागृहाच्या भिंतीला टेकून सापडले होते. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले. पहाऱ्यावरच्या बाईने त्यांची वही माझ्या हातात दिली आणि त्यांचंच हे सामान आहे का, एवढं विचारलं. मी पान उघडलं. वर आमचे सकाळचे आकडे, रेघ ओढलेले. त्याखाली त्यांनी त्या गावाची घरं लिहिली होती, ओळीने, शिरगणतीच्या कागदावर लिहितात तशी. घर क्रमांक एक, दोन, तीन, माणसं शून्य, शून्य, शून्य. चौदा घरं. म्हणजे ते खाली उतरलेच होते, आम्ही इकडे काकूंना सांभाळत असताना. आणि परत वर आले होते.

मग कशाला बसून राहिले? रस्ता तर समोरच होता. दिवसभरात एकही गाडी आली नाही?

त्यांना रुग्णवाहिकेत ठेवून दार लावलं. तेवढ्यात मागून घरासारखी एक मोठी गाडी हळूहळू येऊन थांबली. त्यातून एक अमेरिकन म्हातारी उतरली, हातात गार पाण्याच्या दोन बाटल्या. ती नवऱ्याबरोबर जवळच तळ टाकून होती. पोलिसांच्या गाड्या दिसल्या म्हणून आली होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे आली. माझा रंग बघून आली असणार.

"इथे दुपारी एक वयस्कर गृहस्थ होते," ती म्हणाली. "पांढरी टोपी घातलेले. तुमच्यातलेच का?"

"हो."

"आम्ही साडेबाराला इथून गेलो. त्यांना पाणी दिलं. आमच्याबरोबर चला, शहरात सोडतो, असं दहा वेळा म्हटलं आम्ही. माझा नवरा तर हात धरून उठवत होता. पण ते ऐकेनात. मोडकंतोडकं इंग्रजी, पण फार गोड बोलत होते. म्हणाले, नको, मी इथून हललो तर तिची पंचाईत होईल. आमची मॅडम माणसं मोजते. एक कमी आला की ती परत येणार."

मी हातातली वही मिटली.

"त्यांचा फार विश्वास होता हो तिच्यावर," ती म्हणाली, "म्हणून आम्ही निघालो. पण दुपारभर माझं मन खात होतं." तिने बंद रुग्णवाहिकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती मॅडम आली ना मग?"

"आली," मी म्हणाले.